गच्चीवरची लांब केबल

सर, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. तुम्ही भित्रे होतात, आणि वर मोठेपणाचा आव आणायचात.

इथे ग्वाल्हेरात, मुरारच्या घड्याळाच्या खोलीत मी तुमच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. आपलं अणुघड्याळ इथे, मुख्य घड्याळ दिल्लीला. ठरलेल्या क्षणी दोन्हीकडचे रिसीव्हर एकाच उपग्रहाचा सिग्नल घ्यायचे. मग दोन्ही आकडे एकमेकांतून वजा केले की उपग्रहाची चूक गळून जायची आणि उरायचा तो दोन घड्याळांतला फरक. हे तुम्हीच शिकवलंत, तेही खडसावून. "अँटेनापासून खालपर्यंत यायला केबलमध्येही सिग्नलला वेळ लागतो, बाई. वहीत केबलची लांबी चुकली की सगळी मेहनत पाण्यात," असं म्हणून सगळ्यांदेखत माझी वही टेबलावर आपटली होतीत. तेव्हापासून मी ती लांबी दर महिन्याला तपासायची.

मग विलीनीकरण आलं. दोन विभाग एक होणार, आणि आपली खोली ग्वाल्हेरला ठेवायची की बंद करायची ते समिती ठरवणार. आईच्या आजारपणात मी आठवडाभर छुट्टीवर होते. तेवढ्यात तुम्ही अँटेना पलीकडच्या गच्चीवर हलवलीत, लांब केबल टाकून घेतलीत आणि वहीत जुनीच लांबी राहू दिलीत. विसरलात. माणूस विसरतो, त्याचं मला काही नाही. पण आपलं घड्याळ एका दिवसात चुकल्यासारखं दिसायला लागलं.

बैठकीत मी तुमच्या शेजारीच बसले आहे. नऊ वर्षं माझ्याशी मराठीत बोलणारा माणूस माझ्याकडे न बघता हिंदीत सांगतो, "रीडिंग तो मैडम ही लेती हैं. लापरवाही हो गई होगी." अध्यक्ष मला विचारतात, "आपको कुछ कहना है?" मी नुसती नकारार्थी मान हलवते. तुमचा धाकच तसा होता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खोली बंद झाली, घड्याळ दिल्लीला गेलं. माझ्या फाइलीत निष्काळजीपणाचा शेरा पडला आणि थाटीपुरच्या कार्यालयात टपाल नोंदवत मी निवृत्त झाले. तुम्हाला बढती मिळाली. त्या दिवाळीला तुम्ही निर्लज्जासारखे दाना ओळीतल्या आमच्या घरी चिरोटे घेऊन आलात. मी तो डबा तसाच कामवाल्या बाईला दिला. आई म्हणाली, "अगं, एवढे घरी आले सर, असं काय करतेस?" तिला काय सांगणार होते मी?

हे पत्र तुमच्या मुलाच्या हातात द्यायचं म्हणून लिहायला बसले. बाप काय होता ते कळू दे त्याला. पण मग त्याला हेही वाचावं लागेल, की बैठकीच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर गेले होते. नवी केबल बघितली, पावलांनी मोजलीसुद्धा. वहीत एक ओळ लिहिली असती तर खोली वाचली असती. तुम्ही चारचौघांत आपल्या तोंडानं चूक कबूल करताना मला बघायचं होतं, म्हणून मी ती लिहिली नाही.