बाग वगळून बाकी सारे

मी, छबूबाई, कै. सहादेव वाकचौरे यांची विधवा, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळवाडी, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर. वय पंचावन्नाच्या आसपास. जन्माची नोंद कोणी केली नाही, पण अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत मी चालायला लागले होते असे आई सांगायची. आज रोजी माझे डोके ठिकाणावर आहे, सकाळी दोन भाकरी खाल्ल्या आहेत आणि कोणीही माझा हात धरून लिहवून घेत नाही. कायद्याची वाक्ये यशया मास्तरांनी सांगितली, बाकीची माझी. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ते कामाला आले.

मला आजार काही नाही. पण माझे दीर छगनराव भेटतील तिथे विचारतात, "वहिनी, तुमच्या मागं बागेचं काय? आजकालच्या पोरांना बागेत राबायला नको. मला द्या, ऊस लावून टाकतो." एकदाचे उत्तर कागदावर असलेले बरे, म्हणून हा खटाटोप.

कलम १. राहते घर, गोठा व परसातली चिंच माझा एकुलता मुलगा गोरक्षनाथ याला. तो नागापूरला वर्कशॉपात लेथ मशिनीवर असतो आणि सुट्टीला एस.टी.ने येतो. सुरुवातीला मी फार चिडले होते. बापाने हाडाची काडं करून बाग उभी केली आणि हा लोखंड कातायला गेला. पण तो मशिनीविषयी बोलायला लागला की त्याचा बाप मोसंबीविषयी बोलायचा तसाच दिसतो. तेव्हापासून मी गप्प आहे. त्याने चिंच तोडू नये.

कलम २. दीर छगनराव यांना आमची लोखंडी पहार. ती मालक हयात असताना त्यांनी दोन दिवसांसाठी नेली आणि अजून त्यांच्याच ओसरीत उभी आहे. मागायला जाणारी मी एकटीच उरले होते, माझ्यानंतर ती खुशाल त्यांची. पोरांना काम नको म्हणतात, तर एक गोष्ट इथे लिहून ठेवते. त्यांची दोन्ही मुले त्यांच्या बागेत मरमर राबत होती. पण कधी पाणी द्यायचे, फळे घेणाऱ्या कोणत्या बागवानाला माल द्यायचा, साधी लिंबाची पाटी कोणाला विकायची, सगळे छगनरावच ठरवणार. पोरांनी तोंड उघडले की "तुला काय कळतंय". गेली दोघेही नागापूरला. तिथे निदान पगार तरी स्वतःच्या हातात पडतो. याला आळस म्हणत नाहीत.

कलम ३. काळी गाय साळूबाईला. शेजारीण आहे, गाय तिच्या हाकेला येते, माझ्या येत नाही. माझी मोहनमाळ सून रतन हिला. मोठ्या काठाची जांभळी साडी मला नेसवावी, कोणाला देऊ नये.

कलम ४. बागेतली अवजारे, म्हणजे खुरपी, कात्री, शिडी, पाट्या, हीसुद्धा रतनला. याचे कारण सांगणे भाग आहे.

रतन राजूरकडची. भाताच्या मुलखातली पोर, तिकडे रोपांच्या पायाशी सदा पाणी. आमच्याकडे मोसंबीला बहार यावा म्हणून थंडीत पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. पाने पिवळी पडतात, झाड मेल्यासारखे दिसते. मग पाणी सोडले की फुलांनी भरते. ही लग्न होऊन आली तो ऐन ताणाचा महिना. मी बाजाराला गेले होते आणि त्याच दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी आली. हिला झाडांची दया आली. एकटीने साडी खोचून सगळ्या आळ्यांत पाणी फिरवले. मी आले तर बाग गार आणि सूनबाई चिखलात उभी, खुशीत.

त्या दिवशी मी जे बोलले ते मास्तरांनी लिहू दिले नाही. त्या साली पालवीच पालवी, फूल नावाला. बागवान आला, बांधावरूनच माघारी गेला. मला वाटले ही आता नवऱ्याकडे नागापूरला पळणार. गोरक्षने खोलीसुद्धा बघून ठेवली होती. तर ही दुसऱ्या दिवशी उजाडता खुरपे घेऊन माझ्या आधी बागेत. म्हणाली, "तहानेलं दिसलं म्हनून पाजलं, आत्याबाई. चुकलं आसंल तर शिकवा." शिकवले. गोरक्ष आजही चल म्हणतो, ती म्हणते, "तुमीच येत जावा, बाग काय एस.टी.त बसत न्हाई." दोघांचे भांडण होते आणि दोघे हसतात. माझा जीव मात्र टांगणीला असतो, ही गेली तर बाग गेली.

कलम ५. ~~मालकांनी माझ्या नावे खरेदी केलेली मोसंबीची बाग, विहिरीसह, माझ्या मृत्यूनंतर सून रतन हिने मालकी हक्काने~~

हे कलम मी खोडले आहे. खोडाखोड माझी, मला कबूल.

घडले ते असे. एवढे लिहून मी मोठ्या आनंदाने रतनला हाक मारली आणि वाचून दाखवले. वाटले पाया पडेल. ती पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, राग धरू नका. तुमी गेल्यावर बाग माजी, म्हंजी मी रोज खुरपताना तुमच्या मरनाची वाट बघायची व्हय? मला न्हाई जमायचं. द्यायची आसंल तर आत्ता द्या, न्हाईतर छगनमामांना द्या. मी नागापूरला जाते."

मास्तर खोकले. मला राग आला, नाही असे नाही. सासूला असे कोणी बोलते का? मग वाटले, पोर मला मरू द्यायला तयार नाही आणि मीच कागद घेऊन बसले आहे.

म्हणून या मृत्युपत्रात बाग नाही. येत्या शुक्रवारी श्रीरामपूरला जाऊन बागेचे बक्षीसपत्र रतनच्या नावे नोंदवून देणार आहे. सुट्टीला घरी आलेल्या गोरक्षला विचारले, त्याची हरकत नाही. शनिवारपासून पाणी, छाटणी, बागवान, सगळे तिच्या मर्जीने. मी तिला म्हटले, "मी घरी बसणाऱ्यातली नाही. मलाही कामाला घे. रोज काय देशील?"

म्हणाली, "काम बघून सांगन."

येणेप्रमाणे लिहिलेले वाचून, समजून, हसून सही केली.

ठिकाण: पिंपळवाडी
तारीख: १७ जानेवारी १९७१

सही: छबूबाई सहादेव वाकचौरे

साक्षीदार:
१. यशया कृपादान गायकवाड, शिक्षक. सही
२. राधाकृष्ण बापूराव कडू, पोलीस पाटील. सही