पाळक नसलेलं वर्ष

आई, आपल्या चर्चचे पाळक पुढच्या महिन्यात जाणार. बदलीचा हुकूम आला आहे. त्यांना सोलापूरकडे पाठवताहेत आणि त्यांच्या जागी एक बाई येणार आहेत, तिशी-पस्तिशीच्या, रीतसर दीक्षा घेतलेल्या. नवरा कुठल्याशा कॉलेजात शिकवतो आणि दोन वर्षांची मुलगी आहे. तुझ्या वेळी असली बातमी उपासनेनंतर अंगणात चहा पिताना कळायची, आता ती मोबाईलवर येते. काल संध्याकाळी मंडळीच्या ग्रूपवर एकाच मेसेजमध्ये सगळं आलं. आधी निरोप, मग नव्या पाळकबाईंचं स्वागत, त्यानंतर उपकारस्तुतीचा सण, नाताळच्या गाण्यांचा सराव, तरुण संघाची खडकवासल्याला सहल. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘बाईमाणूस आहेत. कबरस्तानातले विधी वगैरे जमतील का त्यांना?’ त्यावर लगेच दोन-चार जणांनी अंगठे उठवले. मी चष्मा काढून ठेवला आणि एकटीच हसत बसले. या माणसांना ठाऊकच नाही की एकदा ही मंडळी वर्षभर एका बाईने चालवली होती, आणि तिला दीक्षा तर सोडाच, कोणी ‘चालवा’ असंही म्हटलं नव्हतं.

मी नववीत होते. आपल्या मेथडिस्टांत पाळक मंडळीने निवडायचा नसतो, बिशपसाहेब नेमतात आणि बिशपसाहेबच हलवतात. त्या वर्षी जुने पाळक गेले, त्यांचं सामान ट्रकमधून गेलं, पण यायचे होते ते आजारी पडले आणि त्यांचं येणं रद्द झालं. पुढच्या वार्षिक परिषदेपर्यंत दुसरं कोणी नाही, असं कळवण्यात आलं. त्याच सुमारास पेटी वाजवणारे मास्तर रेल्वेच्या बदलीवर दौंडला गेले आणि चर्चची राखण करणारे म्हातारबाबा गुडघ्यांना कंटाळून मुलीकडे राहायला गेले. थोडक्यात, दारात कोणी नाही, पेटीवर कोणी नाही आणि व्यासपीठावरही कोणी नाही. पहिल्या रविवारी घंटा बाबांनी वाजवली. लोक आले, बसले, आणि एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “एक प्रार्थना करू आणि घरी जाऊ.” तेव्हा बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून तू उठलीस. व्यासपीठाच्या पायऱ्या चढली नाहीस, खालच्या टेबलापाशी उभी राहिलीस आणि महापालिकेच्या शाळेत हजेरी घ्यायचीस त्या आवाजात म्हणालीस, “सूचना. पुढच्या रविवारी उपासना नेहमीच्या वेळी होईल. संदेश आपले खजिनदार देतील. बुधवारी महिलांची प्रार्थना आमच्या घरी. घंटा आणि कुलूपकिल्ली पोस्टातले काका बघतील.” खजिनदार बसल्या जागी मागे वळले. मागे कोणी दुसरे खजिनदार बसलेत का, हे बघायला वळल्यासारखे.

बाहेर आल्यावर त्यांनी तुला गाठलंच. मी तुझ्याशेजारी उभी होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

“अहो बाई, मला एका शब्दाने विचारलं नाहीत.”

“विचारलं असतं तर आपण नाही म्हणाला असतात.”

“म्हणालोच असतो. मी विमा कंपनीत कारकून आहे. मला संदेश देता येतो का?”

“ते पुढच्या रविवारी सगळ्यांनाच कळेल,” तू म्हणालीस आणि चप्पल पायात सरकवलीस.

खजिनदारांनी संदेश दिला. फार लांबला नाही. त्यांची आई चार घरी धुणी धुवून त्यांना कसं शिकवत होती, एवढंच ते बोलले, आणि शेवटी बायबलमधलं एक वचन वाचून घाईघाईने खाली बसले. त्यांना इतकी वर्षं रोज भेटणाऱ्या माणसांना हे माहीत नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, “शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. पुढच्या वेळी घड्याळाकडे बघू नका.” पुढची वेळ येणार आहे, हे त्यांना असं कळलं.

तिथून तुझी पद्धतच पडली. शनिवारी संध्याकाळी तू स्वयंपाकघरात मेथी निवडत बसायचीस आणि मध्येच हात थांबायचा, की बाबा कारखान्याचा डबा घासता घासता विचारायचे, “उद्या माझं नाव नाही ना?” तू परत मेथी निवडायला लागायचीस. बाबांनी त्या वर्षी जाहीर प्रार्थना करायला शिकून घेतली, ती केवळ या भीतीपोटी. कोण कशाला उपयोगी पडेल, हे तुला कसं समजायचं ते मला अजून उमगलेलं नाही. दवाखान्यातले कंपाउंडर कोणाशी नीट बोलत नसत, त्यांना तू आजाऱ्यांच्या घरी पाठवलंस आणि त्यांच्या येण्याची लोक वाट पाहू लागले. पेटी माझ्या गळ्यात मारलीस, तेही सगळ्यांसमोर. मला फक्त दोन गाणी वाजवता येत होती. मी घरी येऊन रडले. “दोन येतात ना? मग ती दोन वाजव. मंडळी तीच म्हणेल.” मंडळीने खरोखर महिनाभर तीच दोन गाणी म्हटली. तिसरं गाणं मी शिकले ते लोकांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून.

आणि कबरस्तानाचं म्हणशील, तर कंपाउंडरांची आई गेली तेव्हा जिल्ह्यातल्या मंडळ्यांवर देखरेख करणारे अधीक्षक परगावी होते. शवपेटी खाली ठेवलेली, पुरुष टोप्या हातात घेऊन उभे, पुस्तक कोणीच उघडेना. तू पुढे झालीस आणि विधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास. कुठे अडखळली नाहीस. घरी येऊन मात्र मोरीत बराच वेळ तोंडावर पाणी मारत होतीस. मी टॉवेल घेऊन उभी होते. “हात थंड पडले होते गं,” म्हणालीस, “पण पुस्तक धरायला हात लागतातच.”

अधीक्षक महिन्यातून एकदा भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन द्यायला यायचे, ते दीक्षा नसलेल्याला देता येत नाही. माणूस चांगला होता, पण त्यांच्यावर आठ-दहा मंडळ्यांचा भार होता. पावसाळा कोरडा सरला तेव्हा ते मंडळीच्या समितीसमोर स्पष्टच बोलले, “पाळक कमी आहेत. ही मंडळी लहान. परिषदेत विषय निघेल तेव्हा मला सांगावं लागेल, की हिला मोठ्या चर्चमध्ये सामील करावं.” तू विचारलंस, “कधी बघायला याल?” ते म्हणाले, “काय बघायला?” तू म्हणालीस, “उपकारस्तुतीचा सण.” सणाबद्दल तोवर एक अक्षर कोणी बोललेलं नव्हतं.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची आणि तिच्या भाकरी तव्यावरच तुटायच्या. दरवर्षी सणाला वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, केळीचे घड, कोंबड्यासुद्धा यायच्या, आणि निम्मं तर लोणी काळभोरच्या एका घरातून यायचं. त्या घरचे आजोबा बैलगाडी भरून आणत. त्या वर्षीही एका रविवारी तू सणाची सूचना दिलीस आणि अंगणात खजिनदारच तुझ्यावर घसरले. “बाई, हंगाम कुठाय? लोकांनी आणायचं काय? अधीक्षकांसमोर रिकामी वेदी दाखवायची का?” तू म्हणालीस, “सण आहे अशी सूचना मी वाचलीय. आता सण नाही अशी सूचना वाचायची असेल, तर ती आपण वाचा.” ती त्यांनी वाचली नाही.

सणाच्या दिवशी मी पेटीपाशी बसले होते, त्यामुळे समोरची सगळी वेदी मला दिसत होती. बायकांनी ओंजळभर मिलो आणली होती, कोणी शिवलेलं झबलं, कोणी अंडी, कोणी कुंडीतली कोथिंबीर. खजिनदारांनी एक नारळ आणला होता आणि तो एकटाच मधोमध दिसत होता. अधीक्षक पहिल्या बाकावर बसले होते. लोणीचे आजोबा आले, पण आत आले नाहीत. दाराच्या पायरीवर मुंडासं गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. नातवाने हात धरून ओढलं तरी उठेनात. पहिलं गाणं संपलं. तू टेबलापाशी उभी राहिलीस, दाराकडे बघितलंस आणि म्हणालीस, “आता उपकारस्तुतीची प्रार्थना लोणीचे आजोबा करतील.”

माझी बोटं पेटीवरच राहिली. आई, मला त्या क्षणी तुझा फार राग आला होता. ज्या माणसाला आत यायची लाज वाटतेय त्यालाच सगळ्यांसमोर उभं करायचं, हे मला क्रूरपणाचं वाटलं. आजोबा पायरीवरूनच बोलले, “बाई, म्या काय बोलू? हात रिकामं हायती माजं.”

“हात जोडायला रिकामेच लागतात, आजोबा. आत या.”

ते आले. वेदीपुढे उभे राहिले, त्या नारळाकडे आणि मिलोच्या ढिगांकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले. “देवा बापा, औंदा तुज्यासाठी काय बी आनलं न्हाय. का न्हाय आनलं, ते तुला ठावं हाय. लेकरं जगली. एक बैल जगला. तेवढं तुजं उपकार. पुढल्या साली पाऊस दे, मंजी आमाला बी असं हात हालवत यावं लागायचं न्हाय. आमेन.” कोणीतरी हसलं, मग दुसरं कोणीतरी, आणि हसता हसता बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. आजोबा जाऊन पुरुषांच्या बाकावर बसले, अगदी मधोमध. तेव्हा मला कळलं की तू त्यांना आत कसं घेतलंस. नुसतं ‘या, बसा’ म्हटलं असतं तर ते आले नसते. काम होतं म्हणून आले.

उपासनेनंतर अधीक्षक कप हातात घेऊन तुझ्याकडे आले. “बाई, हे सगळं आपण आधीपासून ठरवलं होतं?”

“नाही हो. मी फक्त सूचना दिली.”

ते मान हलवत राहिले. परिषदेत ते काय बोलले ते आपल्याला कधीच समजलं नाही. पण मंडळी कुठे सामील झाली नाही आणि परिषद संपल्यावर आपल्याला पाळक मिळाले, नुकतंच शिक्षण संपवलेला एक तरुण आणि त्याची नवीन लग्नाची बायको. ते यायच्या आदल्या दिवशी तू पाळकबंगल्याच्या स्वयंपाकघरात पाणी भरून ठेवलंस, डब्यांत तांदूळ, डाळ, तिखट, मीठ घातलंस, आणि स्टोव्हची पिन शेजारी अशा जागी ठेवलीस की नव्या माणसालाही सापडावी.

पहिल्या रविवारी गाणं संपलं आणि सवयीने तू उठायला लागलीस. तेवढ्यात पाळक व्यासपीठावरून म्हणाले, “आता सूचना,” आणि स्वतःच वाचायला लागले. तू परत बसलीस. पदर सारखा केलास. मी पेटीवरून सगळं बघत होते. घरी चालत जाताना मी धुसफुसत होते. “निदान तुझं नाव तरी घ्यायचं त्यांनी. वर्षभर कोणी केलं सगळं?” तू चालायची थांबलीस. “नाव घ्यायला मी पाहुणी होते का तिथे?” आवाज चढवला नव्हतास, पण त्यानंतर हा विषय काढायची माझी टाप नव्हती. थोडं पुढे गेल्यावर तूच म्हणालीस, “कंपाउंडरांच्या बायकोला दवाखान्यात ठेवलंय, ते आज सांगायचं राहिलं. पाळकांना माहीत नसणार. संध्याकाळी घेऊन जाते.” त्या संध्याकाळी गेलीस आणि मग महिनाभर जातच राहिलीस, नवे पाळक, त्यांची बायको आणि तू. नाना पेठेपासून थेट कोथरूडपर्यंत. तिथे तेव्हा बस संपली की पुढे शेतातूनच चालावं लागायचं. कोणाच्या घरी कोण आजारी, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला चहात साखर चालत नाही, सगळं त्यांच्या हवाली केलंस. तुला पोचवायला ते पाळक कबरस्तानात आले होते, तोवर त्यांचेही केस पिकले होते. माझा हात धरून म्हणाले, “मला पाळकपण शिकवलं ते ह्यांनी.” मी ते कोणाला सांगितलं नाही. तुला चाललं नसतं.

आता समितीचा सेक्रेटरी, म्हणजे त्या खजिनदारांचा नातू, मला म्हणतो की पाळकबाईंच्या स्वागताला तुम्ही जुन्या काळाबद्दल दोन शब्द बोला. ते लिहायला म्हणून मी सकाळी बसले आणि झालं हे. हे काही तिथे वाचता यायचं नाही, आणि पाठवायला तुझा पत्ता नाही, म्हणून कागद घडी करून कपाटात ठेवते. बोलायचं ते आयत्या वेळी बोलेन.

एक मात्र तुला सांगायचं राहिलं. गुडघ्यांचं निमित्त करून गेले कित्येक रविवार मी चर्चला गेलेले नाही. उपासना मोबाईलवर बघते, पलंगावर बसून, चहा घेत, आणि संदेश लांबला तर आवाज बारीक करते. तू तिथे पाहुणी नव्हतीस, मी झालेय.