टाळ्यांसाठी सोडलेली जागा

सिंदेवाही, ४ जुलै २०२३

चि. संघप्रियास,
मोठेबाबाचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि. कॉम्प्युटरचं तू फोनवर सांगतेस ते माझ्या कानात शिरून तिथंच हरवतं. यापुढे पत्रानं सांग. समोर कागद असला की मी चुकत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं ते उगाच नाही.

त्या दिवसांवरचं माझं पुस्तक टाइप झालं. पेनड्राइव्ह सोबत आहे. ईबुकच करायचं, कारण त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं. तुझ्या मोठ्या आईची नजर उतरत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, वाचायचं ते यंदाच वाचून घ्या. मी वाचून दाखवतो म्हटलं तर म्हणते, तुमची कुजबुज लई ऐकली, आता माह्या डोळ्यांनं वाचीन. तेव्हा मशीन तयार कशी करायची ते कळव. तूर्त कॉम्प्युटरवर ओला टॉवेल घालून ठेवला आहे, तापू नये म्हणून.

माया आहेच, ती वाढव.
तुझा मोठेबाबा, गुलाब

घुग्घुस, १० जुलै

ती. मोठेबाबांस,
सविनय जय भीम. वि. वि. आधी तो टॉवेल काढा.

मग मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा. पेनड्राइव्ह परत पाठवते आहे, त्यात लिहिण्याचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते कॉम्प्युटरवर घाला. तुमच्या जुन्या फॉन्टचे ईबुकमध्ये नुसते चौकोन दिसतात, म्हणून सोबतच्या कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणा. आपोआप दुरुस्ती बंद करा, नाहीतर ते वडसा गावाचं वडा करील. शेवटी लपलेल्या खुणा दाखवणारं बटण दाबा. जिथं जिथं स्पेस आणि एंटर दाबलंत तिथं ठिपके आणि ¶ अशा खुणा दिसतील.

तुमच्याकडे त्या फार आहेत. काही पानं तर नुसती एंटरची. मांजर कीबोर्डवर झोपलं होतं का? अक्षर मोठं केलं की रिकामी जागाही फुगते. मुद्दाम काय आणि चुकून काय मला कळेना, म्हणून तुम्हीच पुसा. तोवर एक कच्ची प्रत माझ्या जुन्या टॅबमध्ये घालून पाठवली आहे. मोठ्या आईला जपा, मलाही विसरू नका.
संघप्रिया

सिंदेवाही, १७ जुलै

चि. संघप्रियास,
जय भीम व आशीर्वाद. मांजर नव्हतं. त्या टाळ्या आहेत.

प्रॉम्प्टरनं वाक्य द्यायचं आणि टाळ्या थांबेपर्यंत गप्प राहायचं. जेवढा वेळ टाळ्या, तेवढे एंटर. स्पेस म्हणजे नटाचा श्वास. आमची नायिका मंगली, तिच्या शेवटच्या प्रवेशाला तर मी एंटरवर बोट ठेवून चहा प्यायलो. आमच्यातला नट कोलू परवा घरी येऊन आपल्या टाळ्यांची जागा पाहून गेला. मंगलीची मोठी काऊन म्हणून रुसून बसला. शेवटी थोडी वाढवून दिली. आता पुसायचं म्हणतेस तर कोणत्या तोंडानं? बाकी मशीन तयार आहे. राग धरू नकोस.
गुलाब

सिंदेवाही, २२ जुलै

चि. संघप्रियास,
जय भीम. सगळं पुसलं.

तुझ्या मोठ्या आईनं टॅबवर अक्षर अगदी मोठं केलं आणि भरभर वाचत गेली. मी स्वयंपाकघरात होतो. मंगलीच्या प्रवेशानंतर पांढरी पानं लागली. ती उलटत राहिली, पांढरंच. बाहेर आलो तर टॅब मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, गेले जी डोळे.

भिंतीवरचं कॅलेंडर तिच्याकडून वाचून घेतलं तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. मग मशीनसमोर बसून एकेक टाळी पुसली. कोलूला बोलावून सांगितलं. त्याची त्यानंच पुसली. फाइल पाठवतो आहे, लवकर कर. कृपा असू दे, आता मीच तुझ्याकडे मागतो.
गुलाब

सिंदेवाही, ९ ऑगस्ट

संघप्रिया बाई,
जय भीम. अक्षर मोठं काढून राह्यली, कागद पुरला त पुरला. पुस्तक अख्खं वाचलं, एकटीनं. छान आहे.

त्याच्यात कोलू आहे, मंगली आहे, पडदे ओढणारा आहे. मी कुठी आहे म्हणून पाह्यलं त एका ओळीत. घरी आलो, हिनं भात वाढला. बस. मी त्याइले म्हटलं, आता दुसरं लिहा, माह्यावर. अन् डोळे आहेत तवर लिहा.

कालपासून मशीनसमोर बसले आहेत. सारखे इचारून राह्यले, लग्नात तू कोणतं लुगडं नेसली होतीस. मी सांगत नाई. आठवू दे त्याइले.

येत जा, माया ठेव.
तुझी मोठी आई, कमला