घंटेऐवजी घसा

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार (पाठ धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला मनाने पोचवतो). आपला गुडघा कसा आहे? मामींचा राग उतरला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक. नोकरीची तर मुळीच चिंता नाही.

आमच्या शाळेने यंदा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम घेतला. (दारावरच्या फलकावर रंगाऱ्याने त्यातला एक 'र' गाळला होता, तो मी शिडी लावून घातला. कोणाच्या लक्षातही आले नाही.) या अभ्यासक्रमात घंटा नसते. मुलांचे कुतूहल ठण् करून तोडायचे नाही म्हणे. झाले, घंटा उतरवून कोठीत ठेवली आणि मी, शाळेचा घंटावाला, हात चोळत उभा. पण तास तर बदलायला हवेतच, त्यात आता दर तासाला मुलेच उठून दुसऱ्या वर्गात जातात. गणिताचे मास्तर एकदा फळ्याला चिकटले की सुटत नाहीत. शेवटी मुख्याध्यापकांनी मला आत बोलावले, दार लावले आणि म्हणाले, "असं कर, तास संपला की वर्गांसमोरून जा आणि नुसता खोक. खोकायला कुणाची बंदी आहे?" तेव्हापासून मी व्हरांड्यातून खोकत फिरतो. वर जिना चढूनही खोकावे लागते, मामा. घसा सोलून निघाला आहे.

परवा मान्यता देणारी परदेशी समिती आली आणि नेमका त्याच दिवशी मला खरा खोकला झाला. रजा मागितली, तर मुख्याध्यापक म्हणाले, "आजच? अरे, आज तुझ्यावाचून शाळा चालेल का!" मग तोंडात रुमाल कोंबून जिन्याखाली बसलो. पाहुणे विज्ञानाच्या वर्गात शिरले आणि माझा बांध फुटला. मुले शिस्तीत उठून पुढच्या वर्गात गेली. ती टेकतात न टेकतात तोच पुन्हा उबळ. भूगोलाच्या बाईंनी नकाशा उलगडला, मी खोकलो, त्यांनी गुंडाळला. मधल्या सुट्टीच्या आत आठवड्याचे वेळापत्रक उरकले. आमचा शिपाई धावत आला, "घंटोबा, मरायचं तर मर, पण गप मर की!"

वाटले, झाली आपली गच्छंती. पण समिती खूश! मुले कोणी न सांगता, आपल्या मनाने उठून शिकायला जातात, असे त्यांनी कुठेच पाहिले नव्हते. मान्यता मिळाली. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली (तीच, धरलेली).

बाकी लिहिण्यासारखे काही नाही. घरातल्या थोरांना नमस्कार, धाकटीला एक टपली.

आपला भाचा

ता. क. मुले आपणहून उठतात, तर घंटावाल्याचे पद हवे कशाला, असे समिती जाताना लिहून गेली. मुख्याध्यापकांना खरे सांगता येईना. महिनाअखेर माझी नोकरी संपते. खोकायला मात्र रोज येत जा, असे त्यांनी फार प्रेमाने सांगितले आहे.

आणखी ता. क. आपल्या शिवणकामाच्या दुकानात काजे-बटणांना माणूस हवा होता, तो मिळाला का? नसल्यास मी येतो. पगार द्याल तो. दिवसभर तोंडात टाचण्या धरून गप्प बसायचे असेल, तर थोडा कमी दिलात तरी चालेल.