कमलाक्षीला मी धरलं आहे

४ ऑक्टोबर २०११, मंगळवार. संध्याकाळी ७

ही वही कमलाक्षीच्या तब्येतीसाठी. नोंद तिनेच ठेवावी असं डॉक्टर म्हणाले होते. पण तिचं अक्षर हल्ली हलतं, म्हणून मी ठेवणार. शिवाय दुखणं खरं कळतं ते जवळच्या माणसाला. ज्याला होतं त्याला काय कळणार?

मल्टिपल स्क्लेरॉसिस. चार वर्षं झाली. नसांवरचं आवरण जातं. वायरचं कोटिंग गेलं की करंट पोचत नाही, तसं. पेडण्यात माझं हार्डवेअरचं दुकान असल्यामुळे मला हे एका मिनिटात समजलं. डॉक्टर पुढची वीस मिनिटं उगाच बोलत बसले. डावा पाय ओढतो, दुपारपर्यंत दमते. आणि तोल जातो.

तोल हे माझं डिपार्टमेंट. घरात सात ठिकाणी स्टीलचे दांडे बसवले आहेत, प्रत्येक लेव्हल लावून. ती म्हणते, कदंबा बसमध्ये राहिल्यासारखं वाटतं. कौतुक करायची तिची पद्धत.

आजचा संताप: सुविधा नावाची डिचोलीची कोणी फिजिओ वाचनालयाच्या हॉलमध्ये मंगळवार-शुक्रवार ताई-ची शिकवणार. चिनी व्यायाम. तोल सुधारतो म्हणे. कमलाक्षी नाव घालून आली. मला न विचारता! वर म्हणते, यंदा पौषात वाड्यातल्या बायकांबरोबर धालो खेळायला मांडाच्या अंगणात जाणार. चार वर्षं गेली नाही, यंदा ओळीत उभी राहणारच.

अशक्य. बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीने पुढे जातात, वाकतात, मागे येतात. तास-तास. पडली तर सगळ्या वाड्यासमोर पडेल. आणि आमच्या मांडावर पुरुषांना मज्जाव. म्हणजे धरायला मी नाही. विषय संपला. तसं तिला सांगितलं. ती आडोळीवर नारळ खवायला बसली.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

क्लास पाहिला. पाऊण तासात माणसं हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचली नाहीत. हात वर, हळू. वजन उजव्या पायावर, हळू. मग डाव्यावर, आणखी हळू. एका प्रकाराचं नाव ढग सरकवणे. माझ्या दुकानासमोर रस्त्याचं काम ह्याच गतीने चाललं आहे, त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही.

एकूण अकरा जण. आमच्या आजाराचे दोघेच. कमलाक्षी, आणि मुळगावचा गुरुदास. खाणीवर क्लार्क होता. दोन बस बदलून, काठी टेकत येतो आणि सारखा हसतो. आजारी माणसाने इतकं हसू नये.

मी कमलाक्षीचा दंड धरून उभा होतो. सुविधाने हात सोडायला सांगितलं. मी म्हटलं, ही माझी बायको आहे. ती म्हणाली, हो काका, पण पाय त्यांचे आहेत. वय असेल सव्वीस. उद्धट.

१२ ऑक्टोबर

योजना तयार. घरीच शिकवणार. म्हापशाहून ताई-चीची सीडी आणली. त्यातला चिनी म्हातारासुद्धा हळूच करतो, पण रिमोटला फास्टचं बटण आहे. दुप्पट वेगाने केलं तर निम्म्या दिवसांत बरी होईल. साधं गणित. डिग्रीवाल्यांना सुचत नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी ७ ते ७.४०. दुप्पट वेग. मी आकडे म्हणत होतो, ती करत होती. उत्तम. मध्येच पंखा लावा म्हणाली. म्हटलं, घाम आल्याशिवाय व्यायाम कसला?

१५ ऑक्टोबर, शनिवार

ती परवापासून झोपून आहे. पाय उचलत नाही. डाव्या डोळ्यापुढे धुकं. कारण: सीडीची क्वालिटी. म्हापशाच्या दुकानदाराशी फोनवर भांडलो.

सुविधा घरी आली आणि मला बोलली. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून. ह्या आजारात अंग तापलं की नसा आणखी अडतात, थंडाव्यातच करायचं, हळूच करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेल. त्या वीस मिनिटांत सांगितलं असेल.

कमलाक्षी पंख्याखाली पडून वर बघत होती. पाणी नेऊन दिलं. प्यायली. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१ नोव्हेंबर, मंगळवार

ती उठली. क्लास पुन्हा चालू. माझी अट: मी सोबत बसणार. सुविधाची अट: हॉलमध्ये थांबायचं तर ओळीत उभं राहायचं. राहतो की! चोपन्नाव्या वर्षी सिमेंटची गोणी उचलतो मी.

एका पायावर उभं राहणे, चार श्वास. माझा दीड झाला. हॉलची फरशी तिरकी आहे. शुक्रवारी लेव्हल घेऊन जाणार.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

फरशी सरळ आहे. लेव्हल जुनी झाली असावी.

गुरुदास काठी भिंतीला टेकवून चार श्वास उभा राहिला. कमलाक्षी तीन. मी दोन, पण माझे श्वास मोठे असतात. गुरुदासने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्याच्याशी बोलणं बंद.

२२ नोव्हेंबर

दांडे आता अकरा. तरी आज ती न्हाणीपासून खोलीपर्यंत एकही न धरता चालत आली. मी पाहिलं आणि ओरडलो. ती दचकून भिंतीवर गेली. म्हटलं, बघ! म्हणूनच सांगतो! तर म्हणते, तुमी आरडलात म्हणान माझो तोल गेलो. हा आजार बोलतो, ती नव्हे.

६ डिसेंबर, मंगळवार

तिला नीट करून दाखवताना ढग सरकवत होतो, ढगाऐवजी पायाखालची चटई सरकली. डावा घोटा मुरगळला. चटई फेकून दिली.

कमलाक्षीने बर्फाचं भांडं दोन्ही हातांत धरून आणलं. हळू चालत, एक पाय पूर्ण टेकल्याशिवाय दुसरा न उचलता. मी दांडे धरत न्हाणीत जातो. बसवले मात्र झकास आहेत, जराही हलत नाहीत.

२१ डिसेंबर, बुधवार

काही निर्णय माणसाला एकट्याने घ्यावे लागतात. धालो पाच जानेवारीपासून, पाच रात्री. आमच्या मांडाचं सगळं पद्मावतीबाय बघते. सत्तरीची आहे, शब्द कोणी मोडत नाही. लंगडत तिच्याकडे गेलो. सांगितलं, कमलाक्षीला बरं नाही, यंदाही तिला ओळीत धरू नका, तिचाच निरोप आहे. पद्मावतीबाय माझ्या घोट्याकडे बघत राहिली. मग बरां म्हणाली.

हे खोटं नव्हे. तिच्या तब्येतीला बोलता आलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं.

२३ डिसेंबर, शुक्रवार

पद्मावतीबाय सकाळी घरी येऊन कमलाक्षीला विचारून गेली, निरोप खरंच तुझा काय म्हणून. मी दुकानात होतो. ही म्हातारी कोणावर विश्वासच ठेवत नाही!

दुपारी जेवायला आलो. तीस वर्षांत कमलाक्षीला अशी पाहिली नव्हती. आवाज चढवला नाही. म्हणाली, माझो पाय गेलो, डोळो गेलो, आता तोंडय तुमीच घेतलात? आणि माशाचं हुमण वाढलं. मला ठसका लागला. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि आत गेली.

खरं तर रागवायचं मी. बाजारात धरतो, देवळात धरतो, लग्नाच्या पंगतीत धरतो. लोक म्हणतात, हा सगुण बायकोला काय जपतो! रोज रात्री ती झोपली की तळपायाला हात लावून बघतो, गार तर पडला नाही ना. चार वर्षांत एक रात्र चुकली नाही. चिनी व्यायामात ह्याला काही नाव आहे? राग येतो. डॉक्टरांचा, सुविधाचा, हसऱ्या गुरुदासचा, देवाचा. ती पडली आणि उठलीच नाही तर? हे विचारायचं कोणाला? कोणाला विचारलं तर लोक म्हणतील, सगुण घाबरला.

३१ डिसेंबर, शनिवार

आठवडा झाला, कामापुरतंच बोलते. हरमलच्या बाजूला फटाके सुरू झाले. संकल्प: नव्या वर्षात रागावणार नाही.

हरमलला निघालेल्या पर्यटकांनी तीन स्कूटर बरोबर माझ्या दुकानाच्या दारात लावल्या. संकल्प परवापासून.

५ जानेवारी २०१२, गुरुवार

गेली. हिरवी साडी, अबोलीची वेणी. मी दंड धरून मांडाच्या वळणापर्यंत पोचवली. पद्मावतीबायने लांबूनच हात दाखवला. पुरुष इथपर्यंतच. हात सोडावा लागला.

घरी आलो नाही. मांडाजवळच्या एका गोठ्यामागे उभा राहिलो. तिथून दिसत काही नाही, गाणं तेवढं ऐकू येतं. गाणं मध्ये तुटलं तर पडली समजायचं. डास फार. गाणं तुटलं नाही.

परत आली तेव्हा चेहरा घामेजला होता. कसं झालं विचारलं. बरां म्हणाली.

६ जानेवारी

गोठ्यामागे. गाणं तुटलं नाही. आज तिच्या आधी घरी पोचलो आणि पेपर वाचत बसलो. उलटा नव्हता, नीट पाहिलं.

७ जानेवारी

गाणं तुटलं नाही. गुरं मला आता ओळखतात.

१० जानेवारी, मंगळवार

धालो संपले. पाच रात्री, एकदाही पडली नाही! श्रेय कोणाचं? एवढे महिने बारीक लक्ष कोणी ठेवलं? सुविधाला फोन करून सांगितलं की माझी देखरेख फळाला आली. ती हो काका म्हणाली. शेवटी मानलंच.

पुढची योजना: क्लास बंद करून हेच घरी चालू ठेवणे, माझ्या हाताखाली. फास्टचं बटण वापरणार नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

पद्मावतीबाय दुकानात खिळे घ्यायला आली. म्हणाली, सगुणा, बायल धीराची रे तुजी, दुसऱ्या राती पडली ती उठून परत ओळीत. म्हटलं, कोण पडली?

तेव्हा कळलं. वाकताना डावा पाय राहिला, गुडघ्यावर आली. दोन्हीकडच्या बायकांनी तिच्या कमरेतला हात काढला नाही आणि ओढलंही नाही. गात राहिल्या. तिने वजन उजव्या पायावर घेतलं, मग हळूहळू डाव्यावर, आणि उभी राहिली. ओळ पुढे गेली. सगळ्या वाड्याला माहीत. सुविधाला माहीत. मुळगावच्या गुरुदासला माहीत!

भर अकराला शटर ओढलं आणि घरी गेलो ओरडायला. गुडघा दाखव म्हटलं. दाखवला. खपली धरली होती, कडेने सुटायलाही लागली होती. एवढ्या रात्री मी पाय बघितला. तळपायच बघितला.

म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगलं असतं तर तुमी माका तिसऱ्या राती धाडलं असतंत?

आवाजात राग नव्हता. उत्तर पाहिजे होतं तिला, आणि माझ्याकडे बघत थांबली होती. डोक्यात दोन-तीन चांगली उत्तरं आली.

नाही, म्हटलं. नसतं धाडलं.

तिने मान हलवली आणि साडी खाली केली. ओरडायचं राहूनच गेलं. परत जाऊन दुकान उघडलं.