सही केलेले तास

प्रिय डॉक्टर हॅल्वर्सन,

हे पत्र पाठवायचं धाडस माझं होणार नाही. पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळालीय, शिकून परत इथं डकोटातच गुरांची डॉक्टर म्हणून काम करायच्या अटीवर. होकार उद्यापर्यंत कळवायचाय.

मार्चमध्ये अडलेल्या कालवडीनं मला कठड्याशी दाबलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरगड्या शाबूत आहेत ना पोरी? मग ओढ." वासरू जगलं. नंतर मात्र तुम्ही गोठ्यात गुरं तपासत असताना थंडीचं निमित्त करून मी तुमच्या गाडीतच हीटर लावून बसून राहायचे. तरी कॉलेजच्या अर्जावर ते साठ तास तुम्ही 'गुरांवर प्रत्यक्ष काम' म्हणून सही करून दिलेत. "हीटरची देखभाल केलीस की," म्हणालात.

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. बहात्तराव्या वर्षी तुम्ही माझ्यासारखीलाच पुढे धाडताय, म्हणजे तुमच्यामागे इथली गुरं बघायला दुसरं कोणीच नाही. मला आता गुरांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

तुमची विद्यार्थिनी म्हणवायला कचरणारी,
मार्लिस