वापसीची किल्ली

मी, श्रीमती जयवंता प्रेमदास थूल, वय अडुसष्ट, पूर्वी सहकारी बँकेत रोखपाल, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या धमकीला, लाडीगोडीला वा रडण्याला न भुलता हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला वर्ध्याचा आहे, कारण सेलूतले डॉक्टर माझा धाकटा मुलगा अंकित याच्याबरोबर पत्ते खेळतात. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे अंकितने कपाटातून काढून वाचले होते. मला कळले, कारण त्या दिवसापासून तो माझ्याशी फार गोड बोलू लागला.

१. राहते घर अंकितला द्यावे. घराच्या उत्तरेकडचा कुंपणाचा खांब शेजारी मनोहरराव यांनी आमच्या जागेत सरकवला आहे. ते म्हणतात, पावसाने सरकला. पाऊस नेहमी आमच्याच बाजूला खांब कसा ढकलतो, हे अंकितने घराचा ताबा घेताच त्यांना विचारावे. विचारले नाही तरी घर त्याचेच.

२. माझे पती प्रेमदास यांची हत्यारांची पेटी, पक्कड आणि हातड्रिलसह, पुतण्या धम्मदीप याला द्यावी. तो वर्ध्यात संगणक शिकवतो. पेटीतला मोठा पाना त्याने आधीच नेला आहे. परत आणून पेटीत ठेवावा आणि मग पेटी न्यावी.

३. बँकेतली मुदत ठेव पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वापरावी आणि उरलेली बुद्धविहाराच्या वाचनालयाला द्यावी. पंगतीत बुंदी करू नये. प्रेमदास गेले तेव्हा बुंदी केली होती आणि लोकांना तेवढीच आठवते.

४. आता मुख्य गोष्ट. माझा थोरला मुलगा प्रफुल पुण्याला संगणकाच्या नोकरीत होता. लोक हसत होते त्या काळात त्याने बिटकॉइन घेऊन ठेवले. ते उघडण्याचे गुप्त शब्द त्याने माझ्याजवळ दिले, बायकोजवळ दिले नाहीत. पुढे नागपूर–अमरावती रस्त्यावर त्याची गाडी ट्रकखाली गेली. अंकितने लगेच अर्थ काढला की दादाचाच वहिनीवर भरवसा नव्हता. मीही तोच अर्थ काढला. ही वहिनी म्हणजे माझी सून भावना. ती कारंज्याला रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिथेच मुलीला, म्हणजे माझी नात मयुरी हिला, घेऊन राहते.

ते सारे बिटकॉइन मयुरीचे आहेत. ती लहान आहे. तिच्यापर्यंत ते पोचेस्तोवर मधली माणसे काय करतील, हाच माझा घोर आहे.

५. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन माणसे लागतात, आणि आमचे जुने शाखाधिकारी त्या दोघांचे फार जमू लागले की एकाची बदली करत. मी बिटकॉइनची ही संगणकातली तिजोरी त्याच चालीने बांधून घेतली. तिच्यातून बिटकॉइन एकदम बाहेर जात नाहीत. वर्षाला एक तुकडा निघतो, तो आधी सपरीत, म्हणजे बाहेरच्या पडवीत, येऊन बसतो. पाहुण्याला आपण थेट माजघरात नेत नाही, तसेच हे. सपरीत तो सात दिवस थांबतो. मुदत संपली की त्याला एकच रस्ता मोकळा होतो, मयुरीच्या खात्याचा. त्या खात्याची किल्ली ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईकडे आहे. पण त्या सात दिवसांत कुणाला काही काळेबेरे वाटले, तर ज्याच्याकडे वापसीची किल्ली आहे तो तुकडा परत बोलावतो आणि तो आतल्या खोलीत जातो. ती खोली दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही.

हे सगळे व्यवहार आधीच सह्या करून ठेवले आहेत. सह्या तिघांच्या : मी, अंकित आणि धम्मदीप. सह्या होताच तिघांनी आपापली सहीची किल्ली नष्ट करायची, म्हणजे नवा रस्ता कुणालाच काढता येत नाही. अंकितने पडदा दाखवून सांगितले, "हे पाह्य आई, डिलीट केलं." धम्मदीपने शपथ घेतली. मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. किल्ली मोडल्याचा पुरावा जगात कुणी देऊ शकत नाही, हे धम्मदीपनेच मला शिकवले होते. माझी किल्ली ज्या चकतीत होती ती मी पाट्यावर ठेवून वरवंट्याने कुटली. नव्या रस्त्याला तिन्ही किल्ल्या लागतात, म्हणून तिघांपैकी एकाने खरोखर मोडली असली तरी तिजोरी पक्की राहते, आणि तो एक मी आहे.

६. वापसीची किल्ली तेव्हा अंकित, धम्मदीप आणि भावना या तिघांकडे होती. तिजोरीतून काही हलले की तिघांच्या मोबाइलवर निरोप जाई. बँकेत अचानक तपासणी होत असे, न सांगता, सकाळी सकाळी. मी तीच केली. कुणाला न सांगता एक तुकडा सपरीत काढला आणि फोन बंद करून बसले.

अंकित संध्याकाळी घरी आला. "आई, तूच काढले ना? मले काऊन नाई सांगितलं? पुढचा तुकडा कधी निघते?" परत मात्र त्याने बोलावला नाही. धम्मदीपचा निरोप नंतर वाचला : "काकू, तुमी परीक्षा घेऊन राह्यल्या, मले समजलं." त्याला कसे समजले, हे मला अजून समजलेले नाही.

त्याच्या आधी, दुपारीच, भावना आली होती. कारंज्याहून बस बदलत, अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच.

"आई, चोर घुसलता. मी सारं वापस धाडलं. तुमचा फोन लागून नाई राह्यला, म्हणून जीव घाबरला, आली."

"चोर नव्हता. मी काढले होते."

"तुमी?"

"तो तुकडा कुठे जात होता ते पाहिलेस का? मयुरीच्या खात्यात. म्हणजे तुझ्याच हातात येत होता."

"येत असन. पर तुमी धाडला नोता असं वाटलं मले." मग ती खुर्चीवर बसली. "मले पाहाले केलं का हे?"

मी हो म्हटले.

"मंग पाह्यलं का आता?"

चहा ठेवला होता, तो न घेता ती निघून गेली. मी फाटकापर्यंत गेले, पण हाक मारली नाही. मला तेव्हा फार वाईट वाटले. तरी रात्री शंका आली की धम्मदीपने तिला आधीच सांगितले असेल. मग आठवले की ती दोघे प्रफुल गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

७. त्यानंतर मी सगळे बिटकॉइन आतल्या खोलीत बोलावून, ती दोन किल्ल्यांनी उघडून, तिजोरी नव्याने बांधून घेतली. अंकित रागावला, धम्मदीप कंटाळला, पण सह्या झाल्या आणि पाटा पुन्हा कामी आला. नव्या तिजोरीत आतल्या खोलीच्या दोन किल्ल्या भावना आणि अंकित यांच्याकडे आहेत. त्यांचे पटत नाही. ते तसेच राहू द्यावे. वर्षाचा तुकडा काढण्याचे आदेश माझ्या मृत्यूनंतर ॲडव्होकेट वर्षाली ताकसांडे पाठवतील. याच माझ्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक आहेत. बिटकॉइन म्हणजे काय हे त्यांना कळत नाही, म्हणूनच त्यांना नेमले.

८. नव्या तिजोरीची वापसीची किल्ली दोनच हातांत ठेवली होती : माझ्या आणि भावनाच्या. भावनाची तिच्याकडेच राहील. अंकित म्हणतो, "वहिनी दुसरं लगन करन आन सारं घेऊन जाईन." तिने दुसरे लग्न केले तरी किल्ली तिचीच. ते लग्न या घराच्या अंगणात व्हावे अशी माझी इच्छा आहे आणि अंकितने पाहुण्यांना पाणी द्यावे. माझे दोन कुलुपांचे लोखंडी कपाटही तिलाच द्यावे. चहाचे तिने मनात ठेवले असेल तर कपाट रंगवून घ्यावे, म्हणजे माझे वाटणार नाही.

९. माझ्याकडची वापसीची किल्ली मी आज सकाळी पाट्यावर कुटली. भावनाने थांबवलेले मला आधीही सोडवता येत नव्हते, आता तिने जाऊ दिलेलेही मला थांबवता येणार नाही. ती किल्ली माझ्या हातात राहिली असती तर मी भावनाची परीक्षा पुन्हा घेतली असती.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले आणि साक्षीदारांदेखत सही केली. साक्षीदारांनी फक्त माझी सही पाहिली आहे. मजकूर मी त्यांना वाचू दिला नाही.

ठिकाण : सेलू, जि. वर्धा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : जयवंता प्रेमदास थूल

साक्षीदार :
१. बबनराव लक्ष्मण नगराळे, रा. केळझर
२. रोशन देवाजी मून, रा. सेलू